सोनोग्राफी नॉर्मल, पण पेशंट तळमळतोय: पोटदुखीची दुर्मिळ कारणं कशी शोधायची आणि कधी कापायचं

अचानक पोटात दुखायला लागलेला पेशंट आला की आपल्याकडे ठरलेली पाच-सहा उत्तरं तयार असतात. अपेंडिक्स, मुतखडा, पित्ताशयाचा खडा, स्वादुपिंड, अल्सर फुटलाय, नाहीतर मग सगळ्यात लाडकं म्हणजे गॅस. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा उत्तर यातच असतं, त्यामुळे उगाच प्रत्येकात दुर्मिळ आजार शोधत बसायची गरज नाही. प्रश्न येतो तो उरलेल्या मोजक्या पेशंटचा. ते पॅन आणि बस्कोपॅनचं इंजेक्शन घेऊन घरी जातात, दुसऱ्या दिवशी परत येतात, आणि तोवर आतडं काळं पडलेलं असतं.

हा लेख मुख्यतः कळवा, ऐरोली, नेरुळ, पनवेल, घोडबंदर या पट्ट्यातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये नाइट करणाऱ्या आरएमओंसाठी (निवासी डॉक्टर), फॅमिली डॉक्टरांसाठी आणि नुकतीच सर्जरीची प्रॅक्टिस सुरू केलेल्या पोरांसाठी लिहितोय. बाकी कुणी वाचत असेल तर वाचा, पण पोटात दुखत असताना वाचू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा.

माझं म्हणणं एकच आहे. दुर्मिळ आजारांची यादी पाठ करून ते सापडत नाहीत, काहीतरी जुळत नाहीये हे वेळेत लक्षात आलं की सापडतात. पेशंट जितका तळमळतोय तितकं पोट कडक नाही, किंवा पोट कडक आहे पण सोनोग्राफी स्वच्छ, किंवा सगळे रिपोर्ट नॉर्मल पण नाडी १३०. जे जुळत नाही त्याच्यावर बोट ठेवायचं आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पेशंटला सोडायचं नाही.

पहिली पायरी: पोटाला हात लावायच्या आधीचं

आल्या आल्या ईसीजी, ग्लुकोमीटरवर शुगर, आणि वयात आलेली कुठलीही बाई असेल तर युरीन प्रेग्नन्सी टेस्ट. लग्न झालंय का, पाळी कधी आली, नळ बांधलेत का, हे विचारा जरूर पण उत्तर काहीही येवो, टेस्ट करायचीच. फुटलेली एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ) दुर्मिळ नाहीये, ती निसटते मात्र नेहमी "तसं काही नाही डॉक्टर" या एका वाक्यामुळे. ईसीजी यासाठी की हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक बेंबीच्या वर दुखणं आणि उलट्या घेऊन येतो आणि पेशंट स्वतःच म्हणतो की ॲसिडिटी झालीये. शुगर यासाठी की डायबेटिक कीटोॲसिडोसिसमध्ये पोट इतकं दुखतं की भलेभले सर्जन फसतात, विशेषतः आधी डायबेटिस माहीतच नसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांमध्ये. ॲसिडोसिस उतरला की दुखणं उतरायला हवं, नाही उतरलं तर मग पोटातच काहीतरी आहे.

दुखण्याचं औषध द्या. पेनकिलर दिल्याने लक्षणं झाकली जातात ही समजूत आता जायला हवी, पेशंट थोडा शांत झाला की पोट उलट नीट तपासता येतं.

मग विचारणं. इथे घाई करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हृदयाची झडप खराब आहे का, ठोके अनियमित आहेत का, आधी पोटाचं कुठलं ऑपरेशन झालंय, वजन कमी करायचं बायपास केलंय का, असं आधी दुखून आपोआप थांबलंय का, घरात कुणाला असं होतं का. गर्भनिरोधक गोळ्या. बॅटरीच्या किंवा रंगाच्या कारखान्यातलं काम. कुणाकडून आणलेली पुड्यांची औषधं.

आणि पावसाळ्यात एक जास्तीचा प्रश्न: रात्री जमिनीवर झोपला होतात का? मुरबाड, शहापूर, येऊरच्या पाड्यांकडून पहाटे पोटात कळा, उलट्या, घसा दुखतोय म्हणून आलेला पेशंट मण्यारच्या दंशाचा असू शकतो. मण्यार रात्री झोपेत चावते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही, आणि पहिली तक्रार बऱ्याचदा पोटदुखीची असते. पापण्या बघा, जड पडतायत का, मान उचलता येतेय का, थुंकी गिळता येतेय का. यातलं काही दिसलं तर सोनोग्राफीची वाट बघू नका, सर्पविषप्रतिबंधक लस आणि व्हेंटिलेटरची सोय जिथे असेल तिथे हलवा, लस हाताशी असेल तर दहा व्हायल सुरू करून मगच हलवा. सर्जनने पोट दाबत बसायची ही केस नाही.

दुसरी पायरी: हात लावणं, आणि कुठे कुठे लावायचा

पोट सगळेच बघतात, पण दोन्ही जांघा, मांडीच्या आतली बाजू, जुन्या ऑपरेशनचे व्रण आणि पुरुषांमध्ये अंडकोष बघायचे राहतात. दहा-पंधरा वर्षांचा पोरगा आईसमोर खालचं दुखणं सांगत नाही, पोटात दुखतंय एवढंच म्हणतो, आणि अंडकोषाला पीळ पडला असेल तर हाताशी साधारण सहा तास असतात. आईला बाहेर बसवा, पँट काढून बघा.

एक साधी टेस्ट जी फुकट आहे आणि कुणी करत नाही, कार्नेटची. जिथे दुखतंय तिथे बोट दाबून ठेवा आणि पेशंटला हात छातीवर घेऊन डोकं-खांदे उचलायला सांगा. स्नायू ताठ झाल्यावर दुखणं कमी झालं तर कारण आत आहे, तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर पोटाच्या भिंतीत आहे. खोकून खोकून हैराण झालेल्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेल्या आजींच्या बेंबीखाली एका बाजूला अचानक घट्ट गाठ आली आणि ही टेस्ट पॉझिटिव्ह, तर तो रेक्टस (पोटाच्या पुढच्या उभ्या) स्नायूच्या पिशवीतला रक्तस्राव असतो. गोळ्या थांबवायच्या, त्यांचा परिणाम उलटवायचा, हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवायचं. सीटीवर रक्त अजून वाहताना दिसलं तर रेडिओलॉजिस्टकडून ती धमनी आतून बंद करून घ्यायची. चाकू लावायची वेळ फार क्वचित येते.

जिथे सगळ्यात जास्त दुखतंय तिथे पेनने खूण करा आणि दोन-तीन तासांनी त्याच माणसाने परत बघा. शिफ्ट बदलली म्हणून बघणारा बदलला की पोट "तसंच आहे" असं लिहिलं जातं, खरं तर दुसऱ्याला आधीचं माहीतच नसतं.

तिसरी पायरी: कुठली तपासणी, आणि सीटीवाल्याला नेमकं काय सांगायचं

रक्तात सीबीसी, क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट, लिपेज, लिव्हरचे टेस्ट, आणि ज्या ठिकाणी ब्लड गॅस मशीन आहे तिथे लॅक्टेट. लॅक्टेट नॉर्मल आलं म्हणून आतडं ठीक आहे असं समजू नका, सुरुवातीच्या तासांत ते नॉर्मल असू शकतं. वाढलं तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

सोनोग्राफी पित्ताशय, किडनी, गर्भाशय-अंडाशय आणि पोटातलं पाणी यासाठी छान. आतड्याच्या बाबतीत गॅसने भरलेल्या पोटात तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, "नॉर्मल स्टडी, गॅसमुळे मर्यादा" या रिपोर्टचा अर्थ आतडी दिसली नाहीत असा घ्यायचा.

सीटी मागताना नुसतं "सीटी ॲब्डोमेन" लिहून पाठवू नका. रक्तपुरवठ्याची शंका असेल तर धमनीचा आणि शिरेचा असे दोन्ही फेज हवेत, आणि तोंडाने पाजायचं कॉन्ट्रास्ट नको कारण ते पाजण्यात वेळ जातो आणि आतड्याच्या भिंतीचं चित्र बिघडतं. क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. किडनीला पुढे सांभाळता येतं, मेलेलं आतडं परत येत नाही. म्हाताऱ्या बाईचं आतडं अडकलंय आणि कारण कळत नाहीये तर स्कॅन मांडीच्या वरच्या भागापर्यंत खाली घ्यायला सांगा. माशाच्या काट्याची शंका असेल तर आधी कॉन्ट्रास्टशिवाय बारीक कापांचा. आणि रिपोर्ट यायच्या आधी स्वतः फिल्म बघा, शक्यतो रेडिओलॉजिस्टच्या शेजारी उभं राहून, कारण तुमच्या बोटाखाली कुठे दुखलं ते त्याला माहीत नाही.

ब्लड प्रेशर लागत नाहीये, पोट फळीसारखं कडक आहे, अशा पेशंटला सीटीच्या बोगद्यात पाठवू नका. त्याला सलाइन, ब्लड, अँटिबायोटिक आणि ऑपरेशन थिएटर.

चौथी पायरी: ज्यात चाकू लावायचा नाही ते आधी वेगळं काढा

नवीन सर्जनला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण दुर्मिळ कारणांतली बरीचशी इथेच संपतात आणि ऑपरेशन केलं तर उलट बिघडतं.

मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात पहिला नंबर डेंग्यूचा. ताप, पोटात उजवीकडे वर दुखतंय, सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड आणि आजूबाजूला पाणी, रिपोर्टमध्ये "खड्याशिवाय पित्ताशयाची सूज" असं लिहून येतं आणि कुणीतरी ऑपरेशनची तारीख काढतं. प्लेटलेट बघा, हिमॅटोक्रिट बघा. ते प्लाझ्मा गळतीमुळे झालेलं असतं आणि ताप उतरल्यावर दोन-चार दिवसांत भिंत आपोआप बारीक होते.

पोर्फिरिया (हिमोग्लोबिनमधला हीम बनवण्यातला जन्मजात बिघाड) म्हणजे तरुण बाई, पाळीच्या आसपास उठणारं भयंकर पोटदुखणं, पोट मऊ, बद्धकोष्ठ, नाडी जोरात, सोडियम कमी, आणि कधी चित्तभ्रम किंवा हातापायात अशक्तपणा. लघवी उन्हात ठेवली तर गडद होत जाते. पोर्फोबिलिनोजनसाठी लघवीचा नमुना उजेड न लागू देता पाठवायचा आणि दुखत असतानाच घ्यायचा, नंतर घेऊन उपयोग कमी. ग्लुकोज भरपूर, दिवसाला ३०० ग्रॅमच्या वर, आणि हेमिन हे त्यावरचं औषध मिळवायला लगेच फोन सुरू करायचे. थायोपेंटोन, फेनिटॉइन, व्हॅलप्रोएट, सल्फा यांनी अटॅक वाढतो म्हणून भूलतज्ज्ञाला आधी सांगा. यातल्या कित्येक जणींचं अपेंडिक्स आधीच कुणीतरी काढलेलं असतं.

शिशाची विषबाधा अशीच फसवते. पिळवटून येणारी कळ, ॲनिमिया, रक्ताच्या स्मिअरवर लाल पेशींत निळे ठिपके, कधी हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ. कारखान्यातलं काम विचारा आणि भस्मं विचारा. माझे आयुर्वेदवाले मित्र यावर चिडतात, पण पुडीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, त्यात काय आहे ते लिहिलेलं नाही, ती पुडी तपासायला पाठवलीच पाहिजे, शास्त्रोक्त औषध बनवणाऱ्यांनाही त्यात हरकत नसावी.

डावीकडे खाली बोटाने दाखवता येईल इतक्या जागी दुखतंय, ताप नाही, पेशंट जेवतोय, पांढऱ्या पेशी नॉर्मल, आणि सीटीवर आतड्याला चिकटलेला चरबीचा लहान अंडाकृती गोळा, भोवती पांढरी कडा: एपिप्लोइक अपेंडेजायटिस. पेनकिलर द्या, समजावून सांगा, एक-दोन आठवड्यांत जातं. ॲडमिट करायचं कारण नाही, अँटिबायोटिकचंही नाही. ओमेंटमचा (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) तुकडा सुकला असेल तरी साधारण हेच, फक्त तो बहुधा उजवीकडे असतो आणि अपेंडिक्सचं सोंग घेतो.

पालघर, जव्हार, मोखाड्याकडच्या आदिवासी पेशंटमध्ये सिकलसेल क्रायसिस डोक्यात ठेवा, सोल्युबिलिटी टेस्ट पाच-दहा मिनिटांची आहे. आणि ज्याला अधूनमधून ओठ-चेहरा सुजतो, अंगावर गांधी उठत नाहीत, सीटीत आतड्याची भिंत फुगलेली आणि पोटात पाणी, दोन-तीन दिवसांत सगळं आपोआप गायब, त्याचं सी-फोर (रक्तातल्या एका प्रोटीनची टेस्ट) पाठवा, आनुवंशिक अँजिओएडेमा निघेल.

पाचवी पायरी: जिथे मिनिटं मोजायची, आतड्याचा रक्तपुरवठा तुटलेला

सगळ्या लेखातून एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. साठीच्या पुढचा माणूस, ठोके अनियमित किंवा झडपेचा जुना आजार, अचानक भयंकर दुखतंय, एक-दोनदा शौचाला जाऊन आलाय, उलटी झालीये, आणि पोट दाबलं तर मऊ. नातेवाईक म्हणतात एवढा ओरडणारा माणूस नाही हो हा. हेच ते न जुळणं. पोट कडक व्हायची वाट बघितलीत तर ते होईलच, पण तेव्हा आतडं मेलेलं असेल. रक्त पूर्ण तुटलं तर साधारण सहा तासांत परत न येणारं नुकसान होतं, आणि त्यातले निम्मे तास पेशंटने घरी ओवा-सोडा घेण्यात घालवलेले असतात.

सीटी अँजिओत सुपिरिअर मेसेंटेरिक धमनीत (आतड्याची मुख्य धमनी) गुठळी दिसली की हेपरिन लगेच, किलोला ८० युनिट बोलस आणि मग तासाला किलोमागे १८ युनिट. सलाइन, अँटिबायोटिक, नाकातून नळी. नॉरॲड्रेनॅलिन लागलंच तर कमीत कमी, व्हासोप्रेसिन टाळा. पोटात पेरिटोनायटिस (पोटाच्या अस्तराची सूज) नसेल आणि तुमच्याकडे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी असेल तर कॅथेटरने गुठळी ओढून काढता येते. पेरिटोनायटिस असेल तर पोट उघडायचं.

मधोमध लांब चीर. आधी आतडं बघा: हृदयातून आलेली गुठळी बहुधा मिडल कॉलिक फांदी सुटल्यानंतर अडकते, त्यामुळे जेजुनमची सुरुवात गुलाबी आणि पुढचं सगळं फिकट किंवा निळं असं दिसतं. धमनी मुळापासूनच जुन्या आजाराने बंद झाली असेल तर सुरुवातीचा भागही गेलेला असतो, आणि तिथे नुसती गुठळी काढून भागत नाही, बायपास किंवा पोटातूनच उलट दिशेने स्टेंट लागतो. हा फरक पहिल्या मिनिटात करायचा.

ट्रान्सव्हर्स कोलन वर उचला, छोटं आतडं उजवीकडे घ्या, ट्राइट्झचं लिगामेंट सोडवा. मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणारा रक्तवाहिन्यांचा पडदा) मुळाशी बोटांच्या चिमटीत धमनी लागते, ठोका नसेल तरी दोरीसारखी कळते. चांगली तीन-चार सेंटिमीटर मोकळी करा, वर-खाली लूप टाका, आडवी चीर द्या आणि तीन-चार नंबरचा फोगार्टी (टोकाला फुगा असलेला) कॅथेटर आधी वर, मग खाली. वरून जोरात रक्त आलं पाहिजे. खालच्या फांद्या नाजूक, तिथे फुगा हलक्या हाताने. सहा-शून्य प्रोलीनने चीर बंद.

आता सगळ्यात अवघड काम, ते म्हणजे काहीही न करता थांबणं. गरम ओले पॅड ठेवा आणि वीस-तीस मिनिटं आतडं बघत राहा. रंग परततोय का, कडेच्या बारीक धमन्यांत ठोका दिसतोय का, चिमटा लावल्यावर हालचाल होतेय का. आधी रक्त चालू करायचं आणि मगच कापायचं, हा क्रम उलटा केला तर वाचलं असतं ते आतडंही बादलीत जातं. उघड मेलेलं तेवढं स्टेपल करून काढा, शंकेचं ठेवा, जोड घालायच्या फंदात पडू नका, पोट तात्पुरतं झाका आणि २४ ते ४८ तासांत परत उघडून बघा. दुसऱ्यांदा बघायचं हे पहिल्याच ऑपरेशनमध्ये ठरवायचं. दुसऱ्या दिवशी पेशंट बरा दिसला म्हणून रद्द करायचं नाही.

तरुण माणसात शिरेतली गुठळी असते. दुखणं काही दिवस हळूहळू वाढत आलेलं, सीटीच्या शिरेच्या फेजमध्ये दिसतं, आणि पेरिटोनायटिस नसेल तर नुसत्या हेपरिनवर बरेच जण निभावतात. गुठळी का झाली त्यासाठी प्रोटीन सी, एस, जॅक-टू हे नंतर शोधायचं, पण प्रोटीन सी आणि एस गुठळीच्या काळात आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना खोटे कमी येतात, त्यामुळे त्यावर लगेच आयुष्यभराचा शिक्का मारू नका.

सहावी पायरी: अडकलेलं आतडं, पण आधी ऑपरेशन झालेलं नाही

पोटावर व्रण नाही, जांघेत हर्निया नाही, तरी आतडं अडकलंय. याला "बघू सकाळी" म्हणायचं नाही, कारण जुन्या ऑपरेशनमुळे चिकटलेल्या आतड्याचं थांबून बघायचं उत्तर इथे लागू पडत नाही.

बारीक चणीची, सत्तरीच्या पुढची, बाळंतपणं बरीच झालेली आजी. गेल्या काही महिन्यांत दोन-तीनदा पोट फुगून उलट्या होऊन आपोआप बरी झालेली, आणि गुडघा दुखतोय म्हणून हाडाच्या डॉक्टरचं तेल-गोळ्या चालू. गुडघा तपासला तर ठणठणीत, पण पाय मागे ताणून आत वळवला की मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ जाते. ऑबट्युरेटर हर्निया, म्हणजे कमरेच्या हाडातल्या भोकातून आतडं मांडीकडे शिरणं. बाहेरून गाठ दिसत नाही, म्हणूनच सीटी मांडीपर्यंत घ्यायचा. उजवीकडे जास्त सापडतो कारण डावीकडे सिग्मॉइड आडवा येतो. ऑपरेशनमध्ये आतडं ओढून काढू नका, भिंतीचा फक्त एक काठ अडकलेला असतो आणि तो तिथेच फाटतो. बाहेरून मांडीवर दाबत आतून हलकेच सोडवा. नाहीच सुटलं तर त्या भोकावरच्या पडद्याला खालच्या-आतल्या बाजूने बारीक चीर, नस आणि धमनी बहुतेकदा बाहेरच्या अंगाला असतात. आतडं चांगलं असेल तर जाळी बसवा, घाण झाली असेल तर टाक्यांनी बंद करून थांबा.

मोठ्या माणसात मालरोटेशन (जन्मतः आतड्याची उलटसुलट मांडणी) विसरलं जातं. सीटीत आतड्याचा भोवरा आणि मेसेंटरीची शीर धमनीच्या डावीकडे गेलेली. पीळ घड्याळाच्या उलट दिशेने सोडवा, लॅडचे पट्टे (ड्युओडेनमवरून जाणारे जन्मजात पट्टे) कापा, मेसेंटरी रुंद करा, अपेंडिक्स काढून टाका, छोटं आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवा. डाव्या पॅराड्युओडेनल हर्नियात (ड्युओडेनमशेजारच्या फटीत आतडं शिरणं) फटीच्या तोंडाच्या पुढच्या काठातून इन्फिरिअर मेसेंटेरिक शीर जाते, तोंड मोठं करायला कात्री चालवण्याआधी ती बोटाने ओळखा. आणि वजन कमी करायचं बायपास झालेली बाई, विशेषतः गरोदर, कळांनी आली तर आतल्या फटीत आतडं अडकलंय असं धरूनच चाला, सीटी नॉर्मल असला तरी लॅप्रोस्कोपी करून बघा.

आपल्याकडची खास केस म्हणजे पोटातला कोष, सगळं छोटं आतडं एका पांढऱ्या जाड पिशवीत गुंडाळलेलं. तरुण पेशंट, वारंवार अर्धवट अडकणं, मधोमध मऊ गोळा. टीबी असण्याची शक्यता मोठी. गॅंगरीनची चिन्हं नसतील आणि निदान आधीच कळलं असेल तर नळी-सलाइनवर सांभाळून औषध सुरू करता येतं. उघडलंच तर पिशवी हळूहळू सोला, आतड्याला भोक पडलं तर पुढचे दोन महिने फिस्टुला सांभाळत बसाल. जिथे सोलवत नाही तिथे सोडून द्या. तुकडा पॅथॉलॉजीला आणि जीनएक्सपर्ट (टीबीची जनुकीय टेस्ट), कल्चर दोन्हीला, कारण मुंबईच्या पट्ट्यात औषधाला न जुमानणारा टीबी भरपूर आहे आणि अंदाजाने गोळ्या सुरू करून चालत नाही.

पित्ताच्या खड्याने आतडं अडकणं: म्हातारा पेशंट, सीटीत पित्तनलिकेत हवा, छोटं आतडं फुगलेलं आणि शेवटाकडे खडा. खडा थोडा वर सरकवून चांगल्या भागात उभी चीर द्या, काढा, आडवी शिवा, वरपर्यंत आतडं चाचपून दुसरा खडा नाही ना बघा, आणि पित्ताशयाला त्या दिवशी हात लावू नका.

सातवी पायरी: अपेंडिक्स म्हणून आत गेलात आणि अपेंडिक्स गुलाबी निघालं

नुसतं काढून बाहेर पडू नका. शेवटचं छोटं आतडं किमान मीटरभर मागे तपासा, मेकेलची पिशवी (छोट्या आतड्याला जन्मतः असलेला फुगवटा) साधारण दोन टक्के लोकांत असते आणि बहुधा छोट्या-मोठ्या आतड्यांमधल्या झडपेपासून दोनेक फुटांवर. रक्तस्राव झाला असेल तर पिशवी नुसती स्टेपल करून भागत नाही, अल्सर शेजारच्या आतड्यात असतो, तेवढा तुकडाच काढून जोड घाला. मग अंडाशय-नळ्या, सिग्मॉइड, पित्ताशय, ड्युओडेनम, ओमेंटम. आतड्याच्या मेसेंटरीच्या विरुद्ध बाजूला लहान भोक आणि दोन-तीन आठवड्यांचा ताप असेल तर टायफॉइड.

आणि काटा. ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठी हे लिहिलं नाही तर लेख अर्धा राहील. कोळीवाड्यातला काका, कवळी बसवलेली, उजवीकडे खाली तीन दिवस दुखतंय. काका, आठवड्यात काय जेवलात? "काय नाय डॉक्टर, घरचंच." काकूंना विचारलं की कळतं, करली होती. करली, पाला, भिंग, हे सगळे काट्यांचे मासे, आणि कवळीने टाळू झाकलेला असला की काटा गिळल्याचं कळतच नाही, पेशंटला तो आठवत नाही यावरून काटा नाही असं ठरवू नका. आतड्याच्या अरुंद किंवा वळणाच्या जागी, म्हणजे इलियमचा शेवट किंवा सिग्मॉइड, तो हळूहळू भिंतीतून बाहेर येतो, तोवर ओमेंटम येऊन चिकटतं, त्यामुळे एक्सरेत डायफ्रामखाली हवा बहुधा नसते. बारीक कापांच्या सीटीवर एक पांढरी सरळ रेघ आणि भोवती गढूळ चरबी दिसते. जठरातून किंवा ड्युओडेनममधून बाहेर पडला तर कधी लिव्हरच्या डाव्या बाजूत जाऊन गळू करतो, आणि गळू सुईने काढलं तरी परत परत होतं कारण काटा आतच असतो.

लॅप्रोस्कोपने गेलात तर चिकटलेला ओमेंटमचा गोळा हीच खूण, तो अलगद उलगडा, काट्याचं टोक दिसेल. ज्या दिशेने आलाय त्याच दिशेने पूर्ण ओढा, मधे मोडू देऊ नका. काढलेला काटा सीटीतल्या रेघेच्या लांबीशी जुळवा. भोक छोटं आणि कडा चांगल्या तर टाके, आजूबाजूला पू आणि कडा चिंधड्या झालेल्या तर तुकडा काढा. काटा डबीत घालून नातेवाईकांना दाखवा, नाहीतर त्यांचा विश्वास बसत नाही.

कधी हलवायचं

रक्तवाहिनीची केस, आयसीयूशिवाय होणार नाही अशी केस, किंवा दोनदा पोट उघडावं लागेल अशी केस छोट्या नर्सिंग होममध्ये अडवून ठेवू नका. पण हेपरिन, अँटिबायोटिक, नळी, कॅथेटर हे सगळं इथे सुरू करून मग निघायचं. संध्याकाळी घोडबंदर किंवा शीळफाट्याला अडकलात तर तिथेच तासभर जातो, म्हणून १०८ ला किंवा कार्डिॲक ॲम्ब्युलन्सला फोन करतानाच समोरच्या सर्जनला थेट फोन करा, सीटीच्या इमेज पाठवा, आणि "थिएटर मोकळं आहे का" हे स्पष्ट विचारा. पैशाची अडचण असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीला फोनवर मंजुरीची सोय आहे, नातेवाईकांना रेशन कार्ड आणि आधार आणायला आधीच पिटाळा.

संमतीपत्रात "पोट उघडून तपासणी" एवढंच लिहून सही घेऊ नका. आतडं काढावं लागेल, बाहेर पिशवी लागेल, परत उघडावं लागेल, काहीच सापडणार नाही असंही होईल, हे चारही मराठीत लिहा आणि घरातल्या ज्याच्या शब्दाला मान आहे त्याच्यासमोर वाचून दाखवा.

आतडं काढलं असेल तर ऑपरेशन नोटमध्ये किती काढलं ते नंतर लिहा, आधी किती उरलं ते लिहा, टेपने मोजून, आणि आतड्यांमधली झडप राहिली की गेली तेही. दोनशे सेंटिमीटरच्या खाली उरलं तर शॉर्ट बॉवेलचं (आतडं कमी पडल्याने होणारा पोषणाचा त्रास) बघणाऱ्या टीमशी डिस्चार्जच्या आधीच बोलणं झालं पाहिजे. मेसेंटेरिक गुठळीच्या पेशंटला रक्त पातळ करायची गोळी कुठली, किती महिने, आणि एएफ (अनियमित ठोक्यांचा आजार) असेल तर कायमची, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा, कारण पुढच्या महिन्यात दात काढायला गेल्यावर कुणीतरी ती बंद करतं आणि परत सुरू करायला सांगत नाही.